ठसकेकाकांचं नाक

मिरचीचा सॉस टिकलाय की नासलाय, हे ठरवायची वेळ आली की लोक बाटली घेऊन सरळ ठसकेकाकांच्या कारखान्यात यायचे. कारखाना म्हणजे तरी काय, घराच्या मागच्या दोन खोल्या. एकीत मिरच्या मिठाच्या पाण्यात आंबवायची पिंपं आणि दुसरीत शेगडी, गाळण्या, बाटल्या. काकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही एकदम आठवलं नसतं. ते मिरची वाटायला बसले की सगळ्या गल्लीला ठसका लागायचा, त्यावरून ते ठसके झाले आणि केस पिकल्यावर काका झाले.

बाटली आली की काकांचा थाट बघण्यासारखा असायचा. आधी ती उजेडात धरायची. मग झाकण उघडायचं, डोळे मिटायचे, बाटलीचं तोंड नाकाखाली आणायचं आणि असा लांब श्वास घ्यायचा की बघणाऱ्याचाच दम कोंडावा. बाटली आणणारा बिचारा परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा उभा. काकू मागे खांद्याशी उभ्या असायच्या. त्या हळूच विचारायच्या, "चमचा देऊ का?" किंवा म्हणायच्या, "झाकण लावू का?" मग काका डोळे उघडून निकाल सांगायचे आणि तो कधी चुकायचा नाही.

सगळी गोम त्या प्रश्नात होती. काकांना वासच येत नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी ते तापाने आडवे झाले आणि उठले ते नाक गमावून. जिभेला तिखट कळायचं, आंबट-खारट कळायचं, पण मुरलेलं कुठलं आणि कुजलेलं कुठलं हे नाकच सांगतं. तेव्हा ते पिंपाला टेकून लहान मुलासारखे रडले होते. "कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले होते. "सॉसवाल्याला नाक नाही म्हटल्यावर लोक माझ्या हातचं पाणी तरी पितील का?"

काकूंनी नाही सांगितलं. चमचा म्हणजे चांगला, झाकण म्हणजे गेला, एवढं दोघांत ठरलं आणि धंदा सुरू राहिला. गंमत अशी, की काकांच्या नाकाचा बोलबाला झाला तो नाक गेल्यानंतरच. काकूंचं नाक मुळात त्यांच्यापेक्षा कितीतरी तल्लख होतं. आता, करायचं एकीने आणि मिरवायचं दुसऱ्याने, याचा राग काकूंना येत नसेल का? यायचा. पण जन्मभर स्वतःचंच खरं करणारा हा माणूस तेवढा वेळ डोळे मिटून त्यांच्या शब्दाची वाट बघत उभा असायचा. काकूंना ते फार आवडायचं. त्यासाठी त्यांनी आणखी पन्नास बाटल्या हुंगल्या असत्या.

यंदा मात्र ताप काकूंना आला. तो उतरला आणि चार दिवसांनी शेगडीवरचं दूध करपून भांडं काळं ठिक्कर पडलं, तरी काकू तिथेच पाठ करून शांतपणे लसूण सोलत होत्या. भिंतीपलीकडची शिंपीणबाई नाक दाबून धावत आली. "अहो काकू, घर पेटवताय का?"

"डोळा लागला गं," काकू म्हणाल्या. मग ती गेल्यावर त्यांनी व्हिनेगरच्या कॅनमध्ये तोंड घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, घशात झोंबलं, पण वास काही आला नाही. त्यांनी लसूण चुरगाळून पाहिला, रॉकेलचं बुधलं उघडून पाहिलं. मग त्या खालीच बसल्या.

नवऱ्याला सांगायला हवं होतं. बाटल्या धुताना त्या वाक्य जुळवायच्या. पण समोर काका कुणाला तरी उपदेश करत असायचे, "बाटली खिडकीत उन्हात ठेवता आणि वर रंग उडाला म्हणून माझ्याकडे येता होय!" आणि ऐकणारा मान डोलावत असायचा. मग काकूंचं वाक्य घशातच राहायचं. ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस आपल्यासाठी थांबतो, तीही आपल्याकडे उरली नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं तर त्याच्याकडे तरी काय उरणार होतं?

म्हणून काकूंनी डोळ्यांवर भागवायला सुरुवात केली. खोटं कशाला बोला, डोळ्यांनी बरंच भागतं. सॉसवर पाणी सुटलं तर घाबरायचं नाही, हलवलं की एकजीव होतं. बाटलीच्या गळ्याशी काळपट झालं तर ते हवेने, नुकसान चवीचं, पोटाचं नाही. पिंपात वर पांढरी गुळगुळीत साय धरली तर काढून टाकायची. पण हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली की वरवर काढून उपयोग नाही, सगळं फेकायचं. झाकण फुगलं असेल किंवा उघडताना सॉस फसफसून वर आला तर जीभही लावायची नाही. फळाचा किंवा लसणाचा सॉस उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवला होता का आणि ओला चमचा घातला होता का, हे आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. अशा रीतीने काकूंनी सगळा उन्हाळा निभावून नेला आणि काकांना पत्ता लागला नाही.

त्याच उन्हाळ्यात चौकातल्या मोठ्या दुकानदाराने भाजलेल्या लसणाचा सॉस मागितला होता. मिरची आणि भाजलेला लसूण एका पिंपात घातले, वर पाणी, वर दगड. मिरची पाण्याखाली दबलेली राहिली तर महिनोन्‌महिने काही होत नाही, पण डोकं वर काढलं की कुजायला लागते. दगड कधीतरी कलला असणार. इतर वर्षी काकूंनी खोलीच्या दारातूनच ओळखलं असतं. या वर्षी त्यांनी पिंपात वाकून पाहिलं, वर थोडी साय होती ती काढली, खाली लालभडक रंग दिसला, दगड सरळ केला आणि झाकण टाकलं.

मग ते वाटलं, गाळलं, उकळलं. त्या दिवशी गल्लीत असा उग्र दर्प सुटला की लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. पण ठसकेकाकांच्या घरातून उग्र वास येणं यात नवल ते काय! काका करतायत म्हणजे काहीतरी नवीन असेल, असं म्हणून गल्ली गप्प बसली. शिंपीणबाईसुद्धा काही बोलली नाही.

दुकानदार टेम्पो घेऊन आला. काकांनी बाटली उजेडात धरली, झाकण उघडलं, डोळे मिटले. काकूंनी मागून पाहिलं. रंग चांगला, झाकण सपाट, बुडबुडा नाही. तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. काका वाट बघत होते. आज जरा जास्तच वेळ गेला.

"चमचा देऊ का?" काकू म्हणाल्या.

"झकास!" काकांनी डोळे उघडले. "लसूण काय मुरलाय! घ्या, तुम्हीही बघा." आणि बाटली दुकानदाराच्या हातात दिली.

काकूंची नजर दुकानदाराच्या चेहऱ्यावर होती. बाटली नाकाशी जाताच त्याची मान झटक्याने मागे गेली, ओठ आवळले गेले, डोळ्यांत पाणी तरळलं. मग त्याने काकांकडे पाहिलं आणि तो चक्क ओशाळला. "वेगळाच आहे," तो म्हणाला. "असतो ना, मुरलेल्याचा असा वास? आपल्याला काय कळतंय म्हणा त्यातलं."

काकू पुढे सरकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "झाकण लावू का?"

काका वळले. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि क्षणभर ते एकदम म्हातारे दिसले. पण दुकानदार समोर उभा होता, निकाल देऊन झाला होता. "हिची आवराआवर कधी संपायची नाही," ते हसून म्हणाले. "उचला, उचला खोकी."

टेम्पो वळणावरून गेला तसे ते आत आले. "आधी चमचा म्हणालीस. मग झाकण. काय चाललंय तुझं?"

"खराब आहे तो. त्याचं तोंड पाहिलंत ना?"

"त्याच्या तोंडाचं मी काय करू? तुझं नाक काय म्हणतं?"

"मला येत नाही वास." इतके दिवस जुळवलेलं वाक्य एवढंसंच निघालं. "ताप आला तेव्हापासून."

काका पिंपावर बसले. ते रागावतील, ओरडतील असं काकूंना वाटलं होतं. ते नुसते आपल्या हातांकडे बघत राहिले. काकूंना ते जास्त लागलं.

"परत आणायला हवा," काकू म्हणाल्या.

"उद्या आणू. लेबल चुकलं म्हणून सांगू."

"आणि आज कुणी खाल्लं तर? कुणाच्या पोरांनी खाल्लं तर?"

"मग काय सांगू?" आता काका ओरडले. "ठसक्याला नाकच नाही म्हणून सांगू? इतकी वर्षं सगळ्यांना फसवलं म्हणून सांगू? तू जा आणि सांग, जा!"

ते रागाच्या भरात बोलले होते, पण काकूंनी चपला घातल्या.

दुकानात खोकी गल्ल्याजवळच मांडली होती. दुकानदाराने एक बाटली उघडून बशीत सॉस काढला होता आणि शिंपीणबाई ब्रेडचा तुकडा हातात धरून उभी होती. तिने नाक मुरडलं होतं, पण बघतंय का कुणी, म्हणून लगेच सरळही केलं होतं.

"खाऊ नकोस," काकू म्हणाल्या. "नासलाय तो."

"काय काकू!" दुकानदार हसला. "काकांनी स्वतः पास केलाय. माझ्यासमोर."

"त्यांना वास येत नाही. कितीतरी वर्षं झाली. मी सांगायचे, ते बोलायचे."

दुकानदार आणि शिंपीणबाईने एकमेकांकडे पाहिलं. नवरा-बायकोचं भांडण चव्हाट्यावर आलं की लोक जसे बघतात तसे. "भांडलात वाटतं?" दुकानदार मायेने म्हणाला. "अहो, पण धंद्यावर नका काढू राग. बरं, तुम्हीच सांगा, तुम्हाला येतोय का घाण वास?"

काकूंनी बशी उचलून नाकाशी नेली. तिथे काहीच नव्हतं. हवा होती नुसती.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर!" दुकानदार म्हणाला, आणि शिंपीणबाईने ब्रेडचा तुकडा बशीत टेकवला.

ज्या नाकाच्या जिवावर हा सगळा विश्वास उभा राहिला होता, त्या नाकाची मालकीण समोर उभी राहून सांगत होती आणि कुणी तिचं ऐकत नव्हतं. काकूंना रडू आलं. मग रडूही आटलं. मिरचीचं देठसुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या त्या बाईने वरचं खोकं दोन्ही हातांनी ओढलं आणि फरशीवर आपटलं. मग दुसरं. मग तिसरं.

काचा उडाल्या. लाल चिखल पायऱ्यांपर्यंत गेला. मग वास पसरला असावा, कारण शिंपीणबाईने तुकडा टाकून तोंड दाबलं आणि ती दाराकडे पळाली. नोकर खोकत मागे गेले. दुकानदाराने बाहीत नाक खुपसलं. रस्त्यावरचे लोक काय झालं म्हणून आले आणि दारातच रुमाल काढून थबकले. आता कुणाला कुणाच्या निकालाची गरज उरली नव्हती.

गर्दीतून वाट काढत काका आले. त्यांनी फरशी पाहिली, लोकांची झाकलेली तोंडं पाहिली. त्यांचा हात आपसूक खिशातल्या रुमालाकडे गेला. तो नाकाला लावला असता तर कुणाला कळलंही नसतं. चूक बायकोची, असं म्हणून सगळं मिटलं असतं. आत काचांच्या मधोमध काकू उघड्या चेहऱ्याने उभ्या होत्या.

काकांनी हात रिकामाच बाहेर काढला आणि ते चिखल तुडवत काकूंपाशी जाऊन उभे राहिले.

"खरं सांगते ती," ते दुकानदाराला म्हणाले. "मला काही कळत नाही. सगळं हिचं होतं."

दुकानदाराने बाहीतलं नाक काढलं नाही. बाहीमागून त्याचे डोळे तेवढे दिसत होते आणि त्यांत आदर उरला नव्हता. लोक थोडा वेळ कुजबुजले, मग वास असह्य झाल्यावर पांगले. नोकरांपैकी कुणी आत यायला तयार होईना, तेव्हा बादली आणि फडकी त्या दोघांनीच मागून घेतली. काका गुडघ्यावर बसून काचा वेचू लागले. काकू पुसत होत्या, पिळत होत्या, पुन्हा पुसत होत्या.

बऱ्याच वेळाने फरशी स्वच्छ दिसायला लागली.

"गेला का गं वास?" काकांनी विचारलं.

काकूंनी दाराकडे पाहिलं. ते बाहेरच्या कुणाला तरी विचारावं लागणार होतं आणि बाहेर आता कुणी थांबलेलं नव्हतं.