सौरपंपाची रात्रपाळी

विहिरीवरच्या खोलीत मोटारीच्या पेटीवर तीन फेजचे तीन बारके दिवे होते: लाल, पिवळा आणि निळा. तिन्ही सारखे पेटले तर मोटार सुरू करायची, एखादा मंद असेल तर बटणाला हात लावायचा नाही. पिवळा बहुतेक वेळा मंदच असे. पेटलाय एवढं कळे, पण त्याच्या उजेडात त्याच्याच खालचं अक्षर वाचता येत नसे. त्या दिव्याकडे बघून आमच्याकडची माणसं शेताचं ठरवत. शेतीची लाईट एक हप्ता दिवसा आणि एक हप्ता रात्री येई, म्हणून ती रात्रीही त्याच्याकडे बघत बसत.

गाव शिरूर कासार तालुक्यातलं, साल दोन हजार पंधरा. पावसानं दगा दिल्याचं हे सलग दुसरं वर्ष. पाझर तलावाखालची ही विहीर आठ घरांनी मिळून खोदलेली आणि त्यांची पाणीवापर सहकारी संस्था रीतसर नोंदलेली. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, म्हणून सचिव मला केलं होतं. अध्यक्ष सुंदरराव. ते वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि खांबावर चढून काढलेल्या आयुष्याचा त्यांना अभिमान होता.

त्या उन्हाळ्यात आमची डीपी, म्हणजे विजेचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, तिसऱ्यांदा जळाली, तेव्हा सौरपंप घ्यावा असं गहिनीनाथनं सुचवलं. आठ घरांतलं एक घर त्याचं, आणि शिरूरला बॅटऱ्यांचं दुकान. सुंदररावांची मुलगी त्याच्या मुलाला दिलेली, म्हणजे दोघे व्याही. त्यामुळे साधी सूचनाही साधी राहत नसे.

"सौरपंप म्हणजे डी.सी.," सुंदरराव म्हणाले. "बॅटरीतला करंट. एका अंगानं निघतोय आन दमतोय. आमचा ए.सी. सेकंदाला पन्नासदा येतोय-जातोय."

"हां, आमच्या गावातून जातोय लई," गहिनीनाथ म्हणाला. "येतोय कवा, त्ये तेवढं सांगा."

दोन बैठका अशाच गेल्या. तिसऱ्या बैठकीत मला उभं केलं. मॅडम, यातलं खरं काय ते सांगा. मी सांगितलं. एडिसननं न्यूयॉर्कमध्ये डी.सी.चं वीजघर काढलं, पण ती वीज मैलभराच्या पुढं नेली की तारेतच वाया जायची. टेस्लाची मोटार ए.सी.वर चालायची. वेस्टिंगहाऊस नावाच्या उद्योगपतीनं ते पेटंट विकत घेतलं. ए.सी.चा दाब डीपीसारख्या यंत्रानं वाढवून लांब नेता येतो आणि पुन्हा उतरवता येतो, म्हणून शेवटी तीच जिंकली. मधल्या काळात एडिसनच्या बाजूच्या लोकांनी ए.सी. किती घातक आहे हे दाखवायला कुत्री आणि वासरं झटका देऊन मारून दाखवली.

"वासरं?" सुंदरराव खुर्चीत पुढं सरकले. "इवाई, वासरं मारणाऱ्या माणसाचा करंट आणताय व्हय विहिरीवर?"

"आन तुमचा टेस्ला? मॅडम, त्याचं काय झालं पुढं?"

त्यानं लग्न केलं नाही, म्हातारपणी हॉटेलात राहायचा आणि कबुतरांना दाणे घालायचा, असं मी सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण खरं होतं.

"घ्या!" गहिनीनाथनं मांडीवर थाप मारली. "चार लेकरांचे बाप तुमी, आन कबुतरवाल्याच्या नादी लागलाव."

हसणं थांबल्यावर मी एवढंच म्हटलं की एडिसनला अंतरानं हरवलं. आपल्याकडे सौरपंपाच्या प्लेटा विहिरीच्या काठावरच बसणार, मग अंतर आहेच कुठे? सुंदरराव म्हणाले, "आणा. पण टेस्ला जिंकला व्हता, हे इतिवृत्तात ल्हा."

मी लिहिलं.

सौरपंप यायला दसरा उजाडला. संस्थेत सगळ्यांत लहान तुकडा बायनाबाई आणि आसारामचा. दरवर्षी दोघं ऊसतोडीला जात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. यंदा बायनाबाईनं दुधाच्या दोन गाई घेतल्या होत्या, त्यांच्यासाठी मका पेरली होती, आणि जायचं नाही असं तिनं पोळ्यापासून धरलं होतं. गेलं तर गाई विकाव्या लागणार. तोडणीची टोळी नेणारा मुकादम त्रिंबक फोन करकरून थकला होता. आसाराम प्रत्येक वेळी "बघू" म्हणायचा. पाणी मिळालं तर बघू, टोळीची गाडी निघायच्या आत बघू. बायनाबाई विचारायची, काय बघताव, ते तरी सांगा. त्यावरही तो बघू म्हणायचा.

पंपाच्या पाळ्या ठरल्या त्या बैठकीला मी नव्हते, शाळेत सहामाही परीक्षा होती. नंतर एका सकाळी मी पंप बघायला गेले, तर प्लेटांच्या खाली वाकळ अंथरून दोघं बसलेले. शेजारी विजेरी, पाण्याची बाटली आणि भाकरीचं रिकामं फडकं.

"बायनाबाई, इतक्या सकाळी?"

"सकाळी कशाच्या, रातीच आलताव. पाळी हाय आमची."

"कशाची?"

"पाण्याची. या हप्त्यात आमाला रात आलीय."

मी प्लेटांकडे पाहिलं. मग आसारामकडे.

"लाईट आलीच न्हाई," तो म्हणाला. "चांदणं चांगलं पडलतं. म्हणलं त्याच्यावर थोडं तरी वढंल."

तेवढ्यात गहिनीनाथ आला. ऐकून तो विहिरीच्या कठड्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्याचं हसणं ऐकून सुंदरराव मोसंबीच्या बागेतून आले.

"अध्यक्ष," गहिनीनाथ म्हणाला, "सूर्याला रातपाळी लावली तुमी?"

सुंदररावांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "जल्मभर एक हप्ता दिवस, एक हप्ता रात. तोंडातून तसंच गेलं." मग एकदम मान वर केली. "पर इवाई, तुमी बी व्हताव की बैठकीला! डी.सी.चे मोठे जाणकार. कावून गप बसलाव?"

"मला दिवस आलता," गहिनीनाथ म्हणाला. "मी कशाला बोलू?"

आता हसायची पाळी माझी होती. पण बायनाबाई हसत नव्हती.

"तुमचं चालू द्या," ती वाकळ गुंडाळत म्हणाली. "माझी मका वाळाया लागलीय. मागच्या हप्त्यात दिवस व्हता, तर सकाळचं बारीक पाणी, वाफ्यापतूर जाईस्तोर मुरतंय. गाडी उद्या निघायलीय. मुकादमाला ह्यांनी आज सांगाया पायजे."

"सकाळचं पाणी बारीक कावून?" सुंदररावांनी मला विचारलं. उत्तर त्यांना माहीत असावं.

"ऊन तिरपं असतं. प्लेटांना पुरी वीज दुपारीच मिळते. संध्याकाळी पुन्हा कमी."

"मग दुपार कुणाकडं हाय?" गहिनीनाथनं आभाळाकडे बघत विचारलं.

दुपार अध्यक्षांच्या मोसंबीकडे होती. मोसंबी सुंदररावांनी निवृत्तीनंतर लावली होती, आणि या दोन वर्षांत डोक्यावरून पाणी वाहून तिला जगवलं होतं. त्यांनी बागेकडे एकदा पाहिलं. मग जमिनीवर काडीनं आठ रेघा ओढल्या आणि दोनदा पुसल्या.

"झाड दम धरतंय," ते म्हणाले. "मका धरत न्हाई. बायना, मका निघंस्तोर दुपार तुझी. बाग सकाळच्या पाण्यावर काढीन."

"रोज, आबा?"

"रोज. आन रात बाद. सगळ्यांला दिवस वाटायचा म्हणल्यावर इवायाला संध्याकाळ."

"संध्याकाळी काय यायचंय पाणी?" गहिनीनाथ उठून उभा राहिला.

"एडिसनला इचारा."

दुपारी मी परीक्षेचे पेपर घेऊन विहिरीवरच्या लिंबाखाली बसले होते. खरं म्हणजे पाणी बघायचं होतं. नळ्यातून जाड धार पडत होती. बायनाबाई मक्यात उभी राहून दारं धरत होती, एक वाफा भरला की फावड्यानं बांध फोडून दुसऱ्यात पाणी सोडत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं. ती खाली वाकली, मातीत हात घातला आणि मनगटापर्यंत ओला झालेला हात वर करून नवऱ्याला दाखवला.

आसाराम पंपाजवळ उभा होता. त्याचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं आणि फोन कानाला लावला. त्रिंबकचा चढा आवाज माझ्यापर्यंत येत होता: गाडी भरायलीय, तुमच्या कोयत्याची जागा धरू का सोडू, आज शेवटचं सांगा.

आसारामनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता पुन्हा बघू म्हणणार. मक्यात बायनाबाई फावडं टेकवून उभी राहिली होती. तो तिच्याकडे वळला आणि मक्याच्या पलीकडेही जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "न्हाई येत, मुकादम. यंदा आमी घरीच हाव."