पानभर निळं

आयर्लंडमधलं नावन. भाड्याचं घर. स्वयंपाकघरातलं टेबल. डॉक्टर नंदिनी.

आता यात क्रियापद कुठे आहे? नाहीच. शेजारच्या मिसेस डेली, निवृत्त शिक्षिका, नेमकं यावरच बोट ठेवत होत्या. नाउन फ्रेजखाली निळी रेघ, व्हर्ब फ्रेजखाली लाल, असा त्यांचा नेम. नंदिनीने सरावासाठी लिहिलेलं रेफरल लेटर, म्हणजे पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याचं पत्र, पानभर निळं झालं होतं.

“रात्रीपासून छातीत दुखणारा, घामाने भिजलेला म्हातारा गृहस्थ. ग्रँड!” त्या म्हणाल्या. “माणूस दिसला मला. पण पुढे त्याचं काय झालं, लव्ह? कुणी काय केलं?”

कुणी?

ती पूर्वी होती त्या पुण्याच्या सरकारी रुग्णालयात, खाटा संपून पेशंट जमिनीवर आलेले असताना, केसपेपरवर वाक्यं कोण लिहितं? ताप नाही. नाडी ठीक. शेवटी सीएसटी, म्हणजे आहे तीच ट्रीटमेंट चालू ठेवा. कुणी ठेवा, ते लिहायचं नसतं. वॉर्ड समजून घेतो.

हाताला लागलेली ती सवय. त्याच सवयीने ती मागच्या वेळी डॉक्टरांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत नापास झाली होती. उद्या पुन्हा तीच. इथल्या हॉस्पिटलने तिला देऊ केलेली जागा उन्हाळ्यापर्यंत राखून ठेवली होती. परीक्षा गेली की जागा गेली. मग पुन्हा घर, टेबल, खिडकी.

सगळं निळं.

सकाळी डब्लिनच्या वाटेवर नवरा, श्रेयस, गाडी चालवता चालवता म्हणाला, “चल, वाक्य बनव. समोरची बस.”

“पिवळी, गच्च भरलेली, उशिरा आलेली बस.”

“अगं, पुढे? हलव की तिला!”

“तू गाडी हलव आधी. सिग्नल सुटलाय.”

“बघ! नवऱ्यावर ओरडताना बरं सुचतं क्रियापद.”

तिला हसू आलं नाही. परीक्षेचं केंद्र, बॉल्सब्रिज, आलं.

हॉल. घड्याळ. प्रश्नपत्रिकेवर एका पेशंटची तुटक टिपणं, त्यांचं पत्र करायचं. सुरुवात घाईत झाली, मग जरा लय सापडली, आणि शेवटाला हात आपोआप चालला: सीएसटी.

पेन थांबलं. कुणी काय केलं, लव्ह?

‘मी’ लिहायचं म्हणजे लिहायचं काय? कित्येक वर्षांत तिने कुणाची नाडी धरली नव्हती. वॉर्डात बरं होतं. काही चुकलं तर कर्ता नसलेल्या ओळीत कुणी सापडत नाही. तिला कळलं, की सवय घाईची नव्हतीच सगळी. थोडी लपण्याचीही होती.

तिने ते अक्षर न् अक्षर खोडलं. मी गोळ्या सुरू केल्या आहेत. मला त्यांच्या हृदयाची काळजी वाटते. मी त्यांना तुमच्याकडे पाठवते आहे, तुम्ही त्यांना आजच तपासावं.

“पेनं खाली ठेवा.”

वरच्या दोन ओळी तशाच राहिल्या. निळ्या. आता इलाज नव्हता.

बाहेर श्रेयस गाडीला टेकून उभा. “पेपर कसा गेला?”

एरवी ती म्हणाली असती, ठीक. आज म्हणाली, “मी दोन ओळी चुकवल्या. बाकीचं मी लिहिलं. कदाचित मी पुन्हा नापास होईन.”

श्रेयस गाडीचं दार उघडता उघडता थांबला.

“बघतोस काय? गाडी काढ. मिसेस डेली वाट बघत असतील.”

ती गाडीत बसली. शाई लागलेले हात तिने मांडीवर तसेच, उघडे ठेवले.