पाठीवरची रिकामी झोळी

मी एक जुनी आमाउती आहे. दचकू नका मित्रांनो, आमाउती म्हणजे कोणी राक्षसीण नव्हे! उत्तरेकडच्या बर्फात राहणाऱ्या इनुइट आया जो कातडी अंगरखा घालतात ना, तीच मी. माझी खरी शान म्हणजे पाठीवरची झोळी. आईच्या उघड्या पाठीला पोट लावून बाळ तीत बसतं. आई कमरेला पट्टा बांधते, म्हणजे ते खाली घसरत नाही. वरून माझी ऐसपैस टोपी दोघांच्या डोक्यांवर ओढली, की बाहेर वारा कितीही बोंबलू दे, आत नुसती ऊब!

सपांगाक नावाच्या एका तरुण मुलीसाठी तिच्या सासूने मला शिवलं. कॅरिबू हरणाचं कातडं तिने दातांनी चावून चावून मऊ केलं आणि त्याच हरणाच्या स्नायुबंधांचा दोरा काढला. माप कसलं? एक वीत, दोन अंगठे आणि सुनेच्या पाठीकडे एक तिरका कटाक्ष. बस्स! शेजारणी मला उलटीपालटी करून शिवण बघायच्या आणि म्हणायच्या, "म्हातारीचे डोळे गेले म्हणतात, पण बोटांना डोळे फुटलेत हिच्या!" अशी स्तुती ऐकून कोणाची कॉलर ताठ होणार नाही? मला कॉलर नव्हती, म्हणून मी टोपी ताठ केली.

माझ्या झोळीत तीन बाळं वाढली. पहिला केस ओढायचा. दुसरा सतत झोपायचा. तिसरी मुलगी होती, आठ महिन्यांची. ती सपांगाकच्या मानेवर तोंड टेकून काहीतरी पुटपुटत बसायची.

त्या उन्हाळ्यात मोठं जहाज आलं. जहाजावर डॉक्टर होते आणि सगळ्यांच्या छातीचे फोटो काढत होते. सपांगाक मला घालून, पाठीवर मुलगी घेऊन वर चढली. तिच्या छातीत क्षय निघाला. मग तिला खाली उतरूच दिलं नाही. घरी जाऊन निरोप घेते म्हणाली, तेही नाही. एका माणसाने माझ्या झोळीतून मुलीला उचललं आणि खाली होडीत उभ्या असलेल्या तिच्या मावशीच्या हातात दिलं. जहाज सुटलं तेव्हा माझी झोळी अजून गरम होती. मित्रांनो, ती कशी हळूहळू गार होत गेली, ते मला आजही सांगता येत नाही.

दक्षिणेच्या शहरातल्या दवाखान्यात सपांगाकला पांढरा झगा मिळाला आणि मला तळघरातली कागदी पिशवी. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मला कोणी सांगितलं नाही. कोणी न्यायला आलं नाही, यावरून मीच ओळखलं. पुढे पिशवीवर एक क्रमांक पडला. क्रमांकाला आई नसते.

किती वर्षं गेली कोण जाणे! मग काळ बदलला. झाल्या गेल्या अन्यायाची कबुली द्यायची, इनुइट लोकांची रीतभात समजून घ्यायची, तुटलेलं नातं पुन्हा जोडायचं, असं दवाखान्याने ठरवलं. हेदर नावाची एक बाई तिथे नव्या परिचारिकांना शिकवत असे. मनाने फार चांगली. तिने मला तळघरातून काढलं, दवाखान्याच्या मोठ्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात उभं केलं आणि हौसेने एक बाहुली आणून माझ्या टोपीत बसवली. हो, टोपीत! दर महिन्याला ती मुलींना घेऊन यायची आणि सांगायची, "इनुइट आई बाळाला असं टोपीत ठेवते." मुली म्हणायच्या, "कित्ती गोड!" आणि मी आतल्या आत ओरडायचे, अगं, टोपीत ठेवलं तर आईचा गळा आवळेल ना! पण काचेआडून कोणाला ऐकू जाणार?

एका गुरुवारी कपाटासमोर कोणीतरी खदखदा हसलं. ती इलिसापी होती, साठी उलटलेली. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि उत्तरेत रक्त शुद्ध करायचं यंत्र नाही. म्हणून ती पाच वर्षं या शहरात एकटी राहत होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येत होती. सोबत तिच्याच गावची नुताराक होती, एकोणीस वर्षांची, पोट पुढे आलेली. बाळंतपणालाही आमच्याकडच्या मुलींना महिनाभर आधी इथे पाठवतात, तेही एकटीला.

"दादा, ये, ये, बघ तरी!" इलिसापी म्हणाली. "पोराला फासावर लटकवलंय!"

गोंधळलात ना? आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं, की त्याचं नातंही बाळाला मिळतं. नुताराक हे इलिसापीच्या थोरल्या भावाचं नाव. म्हणून ही पोरगी तिची दादा!

"हळू हस गं, धाकटे," नुताराक म्हणाली. "ती बाई ऐकतेय."

हेदर मागेच उभी होती. तिचा चेहरा लालेलाल झाला. "आजी, माझं काही चुकलं का?"

"काही नाही गं बाई. तुम्ही चमचा कानात घालता का? तसं झालंय हे."

हेदरने त्या दिवशी वर्गात आपली चूक कबूल केली, हे मला मागून कळलं. पण त्या क्षणी नुताराक हसत नव्हती. तिने काचेवर दोन्ही हात टेकले होते. "मला अशीच हवी होती," ती म्हणाली. "महिन्याने मी बाळाला घेऊन परत जाणार. तिकडे ऐन थंडी. आई असती तर तिने शिवली असती."

"मलाही येत नाही," इलिसापी हळूच म्हणाली. "सात वर्षांची होते, तेव्हा मला घरातून उचलून गोऱ्यांच्या निवासी शाळेत नेलं. तिथे रुमालावर फुलं काढायला शिकवली. परत आले, तर आई नव्हती." मग तिने मान झटकली. "बघून शिवू! डोळे आहेत ना अजून?"

दोघींनी काचेबाहेरून माझं चित्र काढलं आणि जाड लोकरी कापड आणलं. मित्रांनो, मला तर वेडी आशा लागली. वाटलं, यांचं जमलं नाही, तर मलाच नेतील. पुन्हा एकदा कोणाचं तरी पोर माझ्या झोळीत शिरेल!

आणि खरंच जमलं नाही. बाळ नऊ दिवस आधी आलं, मुलगा झाला. पुढच्या गुरुवारी नुताराक त्याला कुशीत घेऊन आली. इलिसापी काचेसमोर येऊन फणकारली, "शिवली, नि झोळीत पिठाची पिशवी घालून बघितली. पट्टा आवळूनही ती घसरत घसरत कुल्ल्यावर! दादा, पोराला काय शेपटीसारखं नेणार आहेस?"

"शनिवारी माझं विमान आहे," नुताराक म्हणाली.

इलिसापीने काचेवर टकटक केलं. "खुबी आत आहे. बोट घातल्याशिवाय कळायची नाही. हेदरबाई, उघडा हे."

"परवानगीचा अर्ज करावा लागतो, आजी. दोन महिने तरी..."

"दोन महिन्यांत हा चालायला लागेल!"

हेदर क्षणभर बाळाकडे बघत राहिली. मग गेली आणि किल्ली घेऊन आली. पांढरे हातमोजेही आणले होते.

"मोजे घालून शिवण कळते होय?" म्हणत इलिसापीने ते बाजूला सारले.

तिची बोटं माझ्या झोळीत शिरली. किती वर्षांनी माणसाचा हात! खडबडीत, सुया टोचलेला, उबदार. बोटं तळाशी गेली आणि थांबली. तिथे सपांगाकच्या सासूने एक छोटीशी चुणी घेतली होती. बाळाचं बूड तिच्यावर टेकतं, म्हणून ते घसरत नाही. "अगं म्हातारे!" इलिसापी कुजबुजली. "इथे लपवलं होतंस होय!" ती त्या सासूला कधीच भेटली नव्हती. पण तिने दादाचा हात धरून आत घातला आणि दोघींनी वितीने, अंगठ्याने माप घेतलं.

नुताराक एकदम म्हणाली, "हिलाच घालून बघू?"

माझं सगळं अंग आ वासून थांबलं. इलिसापीने माझा खांदा जरासा वाकवला. कर्र! कातडं तडकलं. कपाटाच्या कोरड्या गरम हवेने मी वाळून गेले होते.

"नको दादा. हिने आता पोर घेतलं, तर फाटून जाईल. हिचं काम झालं."

मित्रांनो, माझं काम झालं होतं, आणि ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

शनिवारी सकाळी नुताराक आली. लोकरीची नवी कोरी आमाउती घातलेली, पाठीवर बाळ. ते तसूभरही घसरलं नाही! ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी त्याची टाळू बघितली, एवढीशी, धडधडणारी. मग ती इलिसापीला बिलगली. "चल ना गं धाकटे घरी."

"यंत्र पाठीवर घेऊन येऊ होय? जा. विमान चुकेल."

ती गेल्यावर हेदरने विचारलं, "आजी, बाहुली आता झोळीत ठेवू?"

"काढूनच टाका. रिकामी का, असं मुलींना विचारू द्या."

त्यानंतर मुली खरंच विचारू लागल्या. समोरच्या बाकावर बसून इलिसापीच त्यांना सगळं सांगायची. मुली गेल्या, की आम्ही दोघी उरायचो, उत्तरेकडच्या दोन बायका. फारसं बोलणं नसायचं.

म्हणून सांगते मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, काचेत ठेवा, हवं तर. पण त्या वस्तूची माणसं दारात आली, तर किल्ली शोधायला धावा. त्यांना आधी विचारा, मग दुसऱ्यांना सांगा. आणि जी म्हातारी माणसं आपल्या गावापासून लांब, परक्या शहरात यंत्राला बांधलेली आहेत, त्यांच्याशेजारी घटकाभर बसा. वस्तू वाट बघू शकते. माणसाला तेवढा वेळ नसतो.

आज गुरुवार. मुली येऊन उभ्या आहेत. बाकावर अजून कोणीच नाही.