पुडीवरचा सूर्य

“पुडीवर सूर्य काढेल होता ना बाई तुम्ही,” चिंधा खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाला. “सूर्य उगला, गोळी घेतली, झोपून गेलो.”

दुर्गाच्या हातातला ग्लुकोजचा पेला तसाच राहिला. सिल्वासाजवळच्या नरोलीत, मिलिंद डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र, ही युक्ती तिचीच, आणि तिचा तिला भारी अभिमान. पण चिंधाची होती रातपाळी. खान्देशातून आलेला हा भला माणूस सकाळी कारखान्यातून परतला आणि शुगरची गोळी गिळून उपाशीपोटीच आडवा झाला. झोपेतच साखर उतरून शुद्ध हरपली; खोलीतल्या सोबत्यांनी वेळेत रिक्षात घालून आणलं म्हणून निभावलं.

शनिवारी दुपारी दवाखाना रिकामा झाला की डॉक्टर चहा घेत आठवड्याच्या चुका निवडायला बसत, तांदळातले खडे निवडावेत तशा. माहीत नव्हतं, विसरलं, सांगितलेलं पोचलं नाही, असे त्यांचे तीन ढीग. स्वतःच्या चुका ते आधी सांगत. दुर्गाचं उत्तर ठरलेलं असे, माझी काही नाही. त्या शनिवारी मात्र तिला चहा गोड लागेना. गावाकडून चिंधाची बायको तानूबाई फोनवर त्याला दुसरा दवाखाना बघा म्हणत होती, हे दुर्गाच्या कानावर आलं होतं. तो आता आपल्या हातची पुडी घेईल का, हीच रुखरुख तिला लागली होती.

डॉक्टरांनी ही चूक तिसऱ्या ढिगात टाकली. चिंधाला नीट कळलं नाही, म्हणाले.

“कळलं, सर. मी काढलं तसंच त्यांनी केलं,” दुर्गा म्हणाली. “ते झोपतात कधी, हेच मला माहीत नव्हतं.”

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. “विचारलं मीही नाही. मग पहिला ढीग. आपल्या दोघांचा.”

दुर्गाला एकदम हलकं वाटलं. सोमवारपासून ती प्रत्येकाला कामाची पाळी कोणती ते विचारू लागली. शुगरच्या पुडीवरचा सूर्य गेला, तिथे भाकरी आली. भाकरी पुढ्यात आली की गोळी, मग दिवस असो की रात्र.

डॉक्टरांनी बोलावलं होतं त्या दिवशी चिंधा आला, थेट तिच्या खिडकीशी. नवी पुडी त्याने उलटसुलट करून पाहिली.

“भाकर बारीक काढली बाई. आमच्याकडं येवढीशी नसते.”

दुर्गाने दुसरी पुडी घेतली आणि पार कडेपर्यंत मोठी भाकरी काढली.