शिक्केनानांची आवक-जावक

शिक्केनानांनी चौतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या कागदावर शिक्का, वहीत क्रमांक आणि सात दिवसांच्या आत उत्तर. कितीतरी साहेब आले नि गेले, पण नानांच्या टेबलावरचा एकही कागद उत्तरावाचून राहिला नाही. म्हणून कचेरीनंच त्यांना हे नाव ठेवलं. पुढे नाना निवृत्त झाले, पण खोड काही निवृत्त होत नाही.

तीन वर्षांपूर्वी नानांची बायको गेली. मुलगी पंधरा दिवस राहिली आणि निघायच्या आदल्या रात्री म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे. इथं एकटे काय करणार?" नाना फटकन बोलून गेले, "मला कुणाची पाळत नको. मेलो तर शेजारी कळवतील तुला." बोलायचं एक असतं नि तोंडातून निघतं भलतंच. मुलगी उठून बॅग भरायला लागली. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन येई. "तब्येत?" "बरी." "जेवलात?" "हो." "बरं." एवढ्यात संपे. नाना फोन ठेवत आणि पुढच्या रविवारपर्यंतचे दिवस मोजत, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं.

घरात बोलणारं उरलं ते एकच, मुलीचा जुना कंप्युटर. एके दिवशी त्याच्या पडद्यावर चौकट उगवली: 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे!' नानांनी चष्मा पुसला, कोरी वही काढली, आवक क्रमांक एक टाकला आणि चौकटीतल्या रकान्यात टंकलं, 'आपला निरोप पोचला. आभारी आहे. सध्या गरज नाही.' खाली पूर्ण नाव आणि पत्ता. आता मला सांगा, ज्याला जन्मात कुणी उत्तर दिलेलं नाही त्याला असं साग्रसंगीत उत्तर मिळालं तर तो काय करील? गोतावळा घेऊन येईल. तसाच तो आला. गुडघ्याचं तेल आलं, परदेशातली नोकरी आली, लग्नाळू विधवा आल्या. 'परवानगी द्या' असं कुणी विचारलं की नाना देत, कारण दारात आलेल्याला हाकलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

हे सगळं खोटं आहे हे नानांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. चौतीस वर्षं कागद हाताळलेला माणूस तो. पण सकाळी नऊला अंघोळ करून खुर्चीत बसायला काहीतरी कारण लागतं, आणि त्यांना दुसरं कारण नव्हतं. मुलीनं एकदा दाखवून ठेवलं होतं तसा कंप्युटर ते रात्रंदिवस चालूच ठेवत.

शेवटी एका मंगळवारी लाल चौकट आली ती भोंगा वाजवतच. बंद करावी तर दुसरी, दुसरी बंद करावी तर चार. शेजारच्यांनी भिंत ठोकली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली, तेव्हा नानांनी चौकातल्या दुरुस्तीवालीला फोन लावला.

दुरुस्तीवाली पंचेचाळिशीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं एक घाव दोन तुकडे. आल्या आल्या तिनं आधी इंटरनेटची वायर उपटली. भोंगा थांबला. मग पडद्याकडे बघत म्हणाली, "काका, कंप्युटर आहे की धर्मशाळा?"

"वाढले जरा," नाना म्हणाले.

"जरा? कधीपासून येतायत?"

नानांनी निमूटपणे वही पुढे केली. तारीख, वेळ, कुणाकडून, विषय, उत्तर दिल्याची तारीख. एक हजार नऊशे बारा नोंदी, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. दुरुस्तीवाली आधी खो खो हसली. मग चार पानं उलटली आणि तिचं हसू थांबलं.

"तुम्ही सगळ्यांना उत्तरं दिलीत?"

"आलेल्या टपालाला उत्तर जायला हवं."

"काका, तुमच्या उत्तरांनीच हे पोसलेत. 'नको' म्हटलं तरी त्यांना इतकंच कळतं की इथं माणूस आहे." असं म्हणून ती कामाला लागली. पण वही तिनं बाजूला ठेवली नाही. कुठला प्रोग्राम कोणत्या तारखेला शिरला हे वहीत आयतं मिळत होतं. ती तारीख विचारी, नाना नोंद वाचून दाखवत, ती तो काढून टाकी. गुडघ्याचं तेल गेलं, विधवा गेल्या. दिलेल्या परवानग्या तिनं एकेक करून मागे घेतल्या, चौकटी अडवायची सोय चालू केली. दीड तास दोघं शेजारी बसून काम करत होती, आणि नानांना फार दिवसांनी कचेरीत असल्यासारखं वाटलं.

"हा एक राहिला," ती म्हणाली. "हा सगळ्यांत जुना आहे. दर तासाच्या ठोक्याला पडद्याचा फोटो काढतो आणि कुणालातरी पाठवतो. ही अस्सल पाळत. बघा बरं, या तारखेला काय आलं होतं?"

नानांनी वही पहिल्या पानापर्यंत मागे उलटली. ती तारीख आवक क्रमांक एकच्याही आधीची होती. वहीत नव्हतीच. पण भिंतीवरच्या खिळ्याला जुन्या कॅलेंडरांची चळत होती, त्यात सापडली. त्या तारखेच्या घरात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मुलगी दुपारच्या गाडीने गेली.'

"कुणाला पाठवतो, ते दिसतं?"

तिनं पत्ता दाखवला. त्याची सुरुवात 'ठकी' अशी होती. त्या नावानं मुलीला घरात फक्त दोघं हाक मारत, आणि त्यांतलं एक माणूस आता नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी मुलगी इथं बसली होती, हे नानांना आठवलं. "जरा साफ करून ठेवते," म्हणाली होती. पाठमोरी होती, आणि नाक ओढत होती.

"काढू?" दुरुस्तीवालीनं विचारलं.

"ती बघते का हे?"

"ते इथून नाही कळत, काका. फोटो जातात एवढं खरं. पण खोटं कशाला सांगू, लोक असलं काहीबाही बसवतात आणि आठ दिवसांत विसरून जातात. मी म्हणेन काढा. पाळत ती पाळत."

"राहू दे," नाना म्हणाले.

तिनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं, वायर पुन्हा जोडली आणि पिशवी आवरली. दारात वळून म्हणाली, "आता कुणाला उत्तर देऊ नका हं."

ती गेली आणि घर एकदम मोठं झालं. पडद्यावर काहीच उगवेना. नुसता निळा, स्वच्छ पडदा. नाना त्याच्यासमोर बसले आणि हिशेब करत राहिले: तीन वर्षं, दर तासाला एक. पंचवीस हजारांवर जावक या घरातून गेली, आणि वहीत तिची एक ओळ नाही. आणि पलीकडे ती कुणी उघडली की टपाल तसंच पडून कुजलं? त्यांना भीती वाटली.

चारला दहा कमी असताना त्यांनी कोरं पान उघडलं, अक्षर सगळ्यात मोठं केलं आणि टंकलं:

'चि. ठकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.'

इथपर्यंत हात सवयीनं चालला. वि. वि.च्या पुढे मजकूर लागतो. नानांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर पाठवला होता. स्वतःचा कधी रचावा लागला नव्हता. 'तू बघतेस का' हे लिहावं तर उत्तर न आल्यास काय, आणि 'चुकलो' हा शब्द त्यांच्या बोटांना ठाऊक नव्हता. चार वाजले. पाच वाजले. त्या दिवशी चूल पेटलीच नाही. नाना खुर्चीतच पेंगले, मान अवघडली म्हणून पलंगावर जाऊन पडले. सकाळी पुन्हा नऊला येऊन बसले. रेघ वि. वि.च्या पुढे तशीच लुकलुकत होती. दहा वाजले. विसरली असणार, त्यांनी मनाशी म्हटलं. आपणच सांगितलं होतं की पाळत नको.

सव्वादहाला फोन वाजला. वार बुधवार होता आणि महिन्याचा मधला आठवडा.

"बाबा." "वि. वि.च्या पुढे काय?"

नाना वळून पडद्याकडे बघू लागले.

"काल चारपासून बघतेय मी. ऑफिसात दर तासाला उघडतेय. रात्री दोनदा उठले. रोज तुम्ही त्या चौकटींना उत्तरं देत बसायचात ना, तेव्हा कळायचं तरी की तुम्ही आहात. काल सगळं साफ, आणि हे एवढंच पान, हलेचना." तिचा आवाज फाटला. "पाळत नको म्हणाला होतात, म्हणून सांगितलं नाही. रागावलात?"

"नाही."

"मग लिहा ना पुढे."

"सुचत नाही गं."

मग तिनं नेहमीचंच विचारलं, कारण दुसरं तिलाही सुचत नसावं.

"जेवलात?"

तीन वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर गेलं होतं. नानांनी डोळे मिटले.

"नाही, ठके," ते म्हणाले. "कालपासून नाही जेवलो."