जिव्हाळ्याचे अंक

विद्यापीठाच्या जिन्याखालच्या खोलीत बसून ती माणसांचा जिव्हाळा मोजायची. माजी विद्यार्थ्याने मेल उघडली की एक अंक, मेळाव्याला आला की दहा. यादीत नावं नाहीत, नुसते क्रमांक आणि फोन. ज्याचे अंक जास्त, त्याच्याकडे वाचनालयाच्या नव्या छपरासाठी देणगी मागायची, अशी साहेबांची योजना.

"शुक्रवारपर्यंत एक तरी मोठा देणगीदार हवा," साहेब म्हणाले. "नाहीतर तुमच्या मोजपट्टीला आणि तुम्हालाही मुदतवाढ मिळणं कठीण."

यादीत सगळ्यात वर एक क्रमांक झळकत होता. तीनशे बारा अंक! एकेक मेल नऊ-नऊ वेळा उघडलेली.

"आकंठ बुडालाय हा विद्यापीठाच्या प्रेमात," साहेब खुलले. "लावा फोन, माझ्यासमोर, स्पीकरवर."

तिने आकडे दाबले. पडद्यावर उमटलं, 'आई'. आजकाल आईचा नंबर पाठ असतो कुणाला? आणि आई इथेच शिकली, हेही लेक विसरूनच गेलेली.

"अगं, आज सूर्य कुठून उगवला?"

"आई, आमच्या मेल नऊ-नऊ वेळा का उघडतेस तू?"

"खाली तुझं नाव असतं ना! आईला चार ओळी लिहायला सवड नाही, आणि जगाला मात्र 'आपली स्नेहांकित'!"

साहेबांना एकाएकी खोकला आला. लेकीचा चेहरा उतरला. तीनशे बारा अंक, आणि त्यात विद्यापीठाचा एकही नाही. शुक्रवार काही लांब नव्हता. तिने आईला सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणीला विचार की. कागदाचा कारखाना आहे तिचा."

आईने सांगितलेला मैत्रिणीचा नंबर यादीत सापडला, तळाशी. अंक शून्य.

"ती मेल उघडतच नाही, आई."

"कशी उघडेल? दरवेळी हात पसरता तुम्ही! त्या वाचनालयाच्या गळक्या कोपऱ्यात एका छत्रीखाली अभ्यास केलाय आम्ही. दर रविवारी अजून तीच गोष्ट सांगते ती मला. तिला फोन कर. छपराचं नाव काढू नकोस, छत्रीचं काढ."

फोन सव्वा तास चालला. साहेबांचे दोन चहा झाले. छत्री निळी होती, दांडा मोडका होता, आणि धरायची पाळी कायम आईचीच का असायची, तेही कळलं. शेवटी पलीकडून हलकेच प्रश्न आला, "तो कोपरा गळतो का गं अजून?"

"गळतो, मावशी."

"मग ते छप्पर माझ्याकडे लागलं."

मुदतवाढ मिळाली. तक्त्यात साहेबांच्या हुकमाने नवा रकाना आला, 'छत्री'. त्यात काय भरायचं, ते साहेबांनाही सांगता येईना.

पुढच्या महिन्यात आईच्या नावावर मात्र एकही नवा अंक पडला नाही. साहेब काळजीत पडले, "आईसाहेब नाराज आहेत का?"

"छे हो," लेक हसली. "हल्ली रोज फोन करते मी. मेल कशाला उघडेल ती?"