यादीत न घातलेलं नाव

आमच्या बिलॉक्सी बंदरात मे महिन्यात, कोळंबीचा हंगाम उघडायच्या आधी, बोटींना आशीर्वाद देतात. पताका लावलेल्या बोटी एकामागून एक पाद्रीबाबांसमोरून जातात. ते पवित्र पाणी शिंपडतात, समुद्रावर जीव गेलेल्यांची नावं वाचतात आणि फुलांचं चक्र पाण्यात सोडतात. ब्याऐंशी साली ती नावांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं.

तुयेत कारखान्यात माझ्या शेजारी उभी राहून कोळंबी सोलायची. व्हिएतनामहून येऊन तिला तीन वर्षं झाली होती. माझी टोपली मागे पडली की मुकाट्याने दोन मुठी स्वतःच्यातल्या टाकायची. मी तिला आमचे क्रोएशियन पुशराते तळायला शिकवले, सफरचंद-मनुका घातलेले गोड गोळे. चाखून म्हणाली, "टोनकाताई, इतकी साखर? माझे दात पाडायचेत का?"

आशीर्वादाच्या सणाच्या आठवडाभर आधी ती आमच्या क्रोएशियन क्लबात आली. आम्ही सात-आठ बायका पीठ फेटत होतो. तिने घडी घातलेला कागद पुढे केला.

"माझ्या नवऱ्याचं नाव. तोही कोळीच होता. तिकडून निघताना बोट बुडाली."

सगळ्यांचे हात थांबले. त्या वर्षी धक्क्यावर व्हिएतनामी बोटी वाढल्या होत्या. आमचे पुरुष चिडले होते, माझा नवरा ल्यूबोसुद्धा. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आता यादीतही घुसणार का हे?"

त्या पुटपुटणारीला गप्प करणं माझ्या हातात होतं. पण मी तुयेतला म्हणाले, "अगं, यादी इथून समुद्रावर गेलेल्यांची असते. नियमच आहे तसा."

असा नियम कुठेच नव्हता.

"समुद्र तर एकच ना, ताई?" तिने विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारलं.

मी खाली बघून पीठ फेटत राहिले. ती कागद टेबलावर ठेवून गेली. संध्याकाळी आवराआवर करताना तो मीच केरात टाकला. उघडूनही पाहिला नाही.

सोमवारी कारखान्यात ती सोलायच्या टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला उभी होती. उद्या बोलू, असं मी रोज म्हणायचे. ऑगस्टात कळलं, ती टेक्सासला भावाकडे गेली.

नऊ वर्षांनी ल्यूबो बोटीवरच छातीत कळ येऊन गेला. मे महिन्यात पाद्रीबाबांनी त्याचं नाव वाचलं. एवढ्या गर्दीत आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घेतलं जाणं म्हणजे काय, ते तेव्हा समजलं.

इथल्या व्हिएतनामी चर्चमधून मी तुयेतचा नंबर मिळवला. फोन तिच्या मुलीने, मायने, घेतला.

"आई फेब्रुवारीत गेली."

मी कसंबसं माझं नाव सांगितलं.

"टोनका? आई तुमच्याबद्दल बोलायची."

"काय म्हणायची?"

"म्हणायची, सोलायला फार हळू बाई होती."

मला हसू आलं. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांचं नाव हवंय. यादीत घालते."

"आता राहू द्या, मावशी. आम्ही घरी धूप लावून घेतो त्यांचं नाव. तिकडे आईला ऐकायचं होतं."

मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

हल्ली यादी दुसऱ्या एका मुलीकडे असते. मी तिला सांगितलंय, "कुणी नाव आणलं तर लिहून घे. कुठे बुडाला, ते विचारू नकोस."

ती बरं म्हणाली. का, ते तिने विचारलं नाही.